सुदृढ कुटुंब, प्रथम क्रमांक

१२ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. दाजींनाही सांग. उबवणी केंद्रातलं नवं यंत्र सुरू झालं की अजून तुम्ही दोघं कंदील घेऊन अंड्यांशी बोलत बसता?

आमच्याकडे एक मोठी बातमी आहे. यंदाच्या कृषी प्रदर्शनात 'सुदृढ कुटुंब स्पर्धा' होणार आहे. सुप्रजा मंडळ ती भरवतंय आणि इथल्या शाखेचा चिटणीस म्हणून माझी निवड झाली आहे. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर परवा आमच्या शाळेत व्याख्यानाला आले होते. पडद्यावर चित्रं दाखवली. आधी वाटाण्याचे वेल, मग शर्यतीचे घोडे, मग माणसं. एका दारुड्याचा वंशवृक्ष दाखवला, त्यात पणतवंडांपर्यंत नुसते काळे ठिपके. म्हणाले, "वळूला आणि मेंढ्याला आपण बक्षीस देतो, मग माणसानं काय घोडं मारलंय?" सभागृह हसून लोळलं, पण मला रात्रभर तो विचार सोडेना. आपल्यावरचं संकट साथी आणि दुष्काळ नसून चुकीची लग्नं आहेत, असं हे शास्त्र सांगतं. कितीतरी देशांत ती रोखायचे कायदे झालेत. आपल्याकडेही गेल्या वर्षी झाला, तुझ्या कानावर आलंच असेल.

हेडमास्तरच्या घरानं मागे राहून कसं चालेल? मी नाव दिलंय. तुझी वहिनी थोडी कुरकुरली, पण तिचे दात उत्तम आहेत, ती बाजू भक्कम. आमची चिमी वाचताना अडखळते, तेव्हा तिला सांगून ठेवलंय की परीक्षकांसमोर फक्त मान हलव.

अडचण एकच, धाकटीची. परीक्षक घरी येऊन सगळ्यांना बघणार. बहिरी बहीण घरात दिसली की आमचा निकाल उंबऱ्यातच लागेल. म्हणून स्पर्धा होईपर्यंत तिला टेकडीवरच्या संगोपनगृहात ठेवायचं ठरवतोय. हवा चांगली आहे, बाग आहे. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकडचं तिचं काम तेवढे दिवस बुडेल, पण तो काही बोलायचा नाही. कान तपासायला नेतोय, असं तिला सांगेन. तुझी हरकत नसावी.

तुझा
भाऊ

१९ जानेवारी

भाऊ,

तुझं पत्र मी तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेव्हण्याला वजनकाट्यावर उभं करणार असतील तर पोट आत ओढून उभा राहा म्हणावं." मग आम्ही पुढचं वाचलं आणि हसू पार पळालं.

तुला ठाऊक आहे मी इथे काय करते. अंडी फुटली की पिल्लं निवडते. लंगडं, आंधळं, उशिरा बाहेर आलेलं, सगळी बादलीत जातात. बादलीवर झाकण असतं, तरी आतून आवाज येतो. पोटासाठी करते. घरी आले की दोनदा हात धुते, तरी ताटावर बसवत नाही. तुझे डॉक्टर हेच काम माणसांत आणणार, चित्रं दाखवून टाळ्या घेणार आणि तू पहिल्या रांगेत बसून हसणार, याची मला किळस येते. आणि मोठ्यांच्या पोटी मोठेच जन्मतात हा शोध नेहमी मोठ्या घरातल्या माणसालाच कसा लागतो, तेवढं विचार त्यांना.

धाकटी जन्मापासून बहिरी नाही, हे तुला मी सांगायचं? चार वर्षांची होती. ताप डोक्यात गेला, आई ओल्या चादरी बदलत होती आणि आपण दोघं उशाशी होतो. ताप उतरला आणि कान गेले. त्याआधी ती तुझी नक्कल करायची, तुझ्याच आवाजात. यात कुठलं बीज आणि कुठला वंश?

ती समोरच्याचे ओठ वाचते आणि पुस्तकाचे फर्मे तुझ्या शाळेतल्या कुणाहीपेक्षा नीट शिवते. उन्हाळा संपला की तिचं बाइंडरशी लग्न आहे. लाज वाटत असेल तर सरळ सांग. मी तिला घेऊन जाते, स्पर्धा होऊ दे, मेंढ्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढ. टेकडीवर मात्र नेऊ नकोस. माझ्याकडे पाठव.

ताई

२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी धाकटीला पोचवून परतलो होतो, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. उगाच काळजी करू नकोस. ती मजेत आहे.

आपण जिंकलो. सुदृढ कुटुंब, प्रथम क्रमांक! तुला चेष्टा सुचेल, पण परीक्षा किती कसून झाली ते ऐक. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहिलं. डोकं कंपासासारख्या यंत्रानं मोजलं. केसाची बट, नखांचा रंग, दात. आजोबा किती वर्षं जगले, कुणी वेडं झालं का, कुणी तुरुंगात गेलं का. शेजारच्या तंबूत गाईंचा निकाल चालू होता आणि तिथले वैद्यच मधूनमधून आमच्याकडे येत होते, त्यामुळे थोडा वास होता. चिमीनं एकदाही तोंड उघडलं नाही. परीक्षक म्हणाले, "मुलगी शालीन आहे."

पदक घोड्यांच्या शर्यतीतल्यासारखं जड आहे. एका बाजूला आई, बाप आणि मूल कोरलंय, दुसऱ्या बाजूला 'उत्तम वारसा लाभला' असं लिहिलंय. वर्तमानपत्रात फोटो आला. आता मंडळ आम्हाला गावोगाव व्याख्यानांना नेणार आहे, नमुना म्हणून. पुढच्या वर्षी जिल्हा समितीवर माझं नाव सुचवणार आहेत.

धाकटीबद्दल विचारशील, म्हणून सांगतो. तिथे नुसता पाहुणा म्हणून कुणाला घेत नाहीत. मंडळापुढे उभं राहून चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ती मी दिली. तेवढं काम असतंच.

भाऊ

११ मार्च

भाऊ,

तुझं पदक तुला लखलाभ.

मला बाइंडरचं पत्र आलंय. तो रविवारी टेकडीवर गेला होता. फाटकावर सांगितलं की आतल्या बायकांना परक्या पुरुषाला भेटता येत नाही. हा म्हणाला, आमचं लग्न ठरलंय. फाटकावरचा हसला आणि म्हणाला, "इथल्यांची लग्नं ठरत नसतात." त्यानं माझ्याकडे विचारणा केलीय, कारण तुझ्याकडे गेला तेव्हा तू 'व्याख्यानाला बाहेर' होतास. वहिनीनं पडद्याआडून सांगितलं म्हणे.

चार प्रश्न कुठले होते? तू काय उत्तरं दिलीस? स्पर्धा होऊन गेली, मग ती अजून तिथे का आहे?

लांबड लावू नकोस. या तीनच गोष्टी लिही.

ताई

२४ मार्च

ती. ताईस,

तुझ्या पत्राचा सूर मला रुचला नाही. तरी थोरली आहेस म्हणून सविस्तर लिहितो.

संगोपनगृहातून माणूस बाहेर सोडण्याचा एक नियम आहे. तो मला आधी ठाऊक नव्हता, म्हणजे इतका स्पष्ट ठाऊक नव्हता. आत घेतलेल्या बाईला परत समाजात सोडायचं तर तिला पुढे मूल होणार नाही अशी व्यवस्था करून सोडतात. किरकोळ शस्त्रक्रिया आहे. मंडळाचे डॉक्टर म्हणाले, दात काढण्याइतकंच. आठवड्याभरात चालायला लागतात.

आता शांत डोक्यानं विचार कर. धाकटी आईपण कसं निभावणार? मूल रडलं तर तिला ऐकू कसं येणार? ही तिच्यावर दयाच आहे. लग्नाआधी झालं तर बाइंडरचीही फसवणूक नाही. आणि शस्त्रक्रिया नको म्हटलं तर ती तिथेच राहील, जन्मभर. मग त्यात कसलं भलं?

घाई काहीच नाही. एप्रिलच्या अखेरीस मंडळाची बैठक आहे, त्याआधी काही होत नाही. तू शांतपणे ये, आपण बसून बोलू. दाजींच्या पायाचं कसं आहे? जिन्यावरून पडले असं कळलं.

भाऊ

२९ मार्च

भाऊ,

मूल रडलं तर ऐकू कसं येणार, असं विचारतोस. आपल्या आईला ऐकू येत होतं. ती रात्रपाळीला जायची, तेव्हा तुझ्या रडण्याला मीच उठायचे. धाकटीच्या मुलासाठीही कुणीतरी उठलं असतं. बाइंडरचे कान शाबूत आहेत.

'दया' हा शब्द पुन्हा लिहिलास तर तुझं पत्र मी चिमट्यानं धरून चुलीत घालीन. तुला आरशात दिसतोय तो हेडमास्तर, पण मला तू नाकाला फडकं बांधून बादली उचलणारा दिसतोस. फरक एवढाच की बादली उचलताना मी हसत नाही.

यांचं हाड सांधेपर्यंत मला हलता येत नाही, यंत्रात पाच हजार अंडी आहेत. ती फुटली की शेजारणीच्या भरवशावर सगळं टाकून निघते. वीस एप्रिलला तुझ्या दारात असेन. मंडळासमोर मी उभी राहीन आणि तापाचं सांगेन. तेव्हा औषध देणारा डॉक्टर अजून जिवंत आहे, त्यालाही आणीन.

तोवर कशावरही सही करू नकोस. ती आपली धाकटी आहे, भाऊ. तिला पाठुंगळीला घेऊन तू शाळेत नेलंयस.

ताई

१० एप्रिल

ताई,

हे पत्र बाइंडर बाहेर नेऊन टाकेल. आता त्याला आत सोडतात. आधी सोडत नव्हते, आता माझ्यापासून कुणाला धोका नाही.

तुला सांगतील की माझं अपेंडिक्स काढलं. मलाही तेच सांगितलं. नर्सनं पाटीवर एवढाली अक्षरं काढली, जशी मी पहिलीत आहे. मी मान हलवली. इथे मान हलवली की सगळे खूश होतात.

ही माणसं माझ्यासमोर तोंड झाकत नाहीत. बहिरीसमोर कशाला झाकायचं? आल्या दिवशी परीक्षा घेतली, तेव्हा डॉक्टर कागदात मान घालून प्रश्न विचारत होते, दाढी छातीला टेकलेली. मला एकही प्रश्न दिसला नाही. मी म्हटलं, वर बघून बोला. माझा आवाज कसा येतो ते तुला माहीत आहे. त्यांनी दचकून सहायकाकडे पाहिलं आणि मग तोंड वर करून अगदी स्वच्छ म्हणाले, "मंदबुद्धी." त्यांचा तो एकच शब्द मला नीट दिसला.

गेल्या आठवड्यात भाऊ आला होता. आमच्या खोलीच्या दाराला काच आहे. काचेपलीकडे तो आणि डॉक्टर उभे होते. भाऊ म्हणाला, "थोरली बहीण यायच्या आत उरकून घ्या. ती आली की तमाशा करेल." डॉक्टर म्हणाले, "सोमवारी घेऊ." मग भाऊला मी दिसले आणि त्यानं हात हलवला. मीही हलवला, सवयीनं. आता तो हात मला नकोसा वाटतो.

तुझ्यापर्यंत कसं पोचवावं ते सुचेना. मी ओरडले. इथे ओरडणं म्हणजे रोगाचं लक्षण. दोघींनी धरलं.

एक चांगलं सांगते. बाइंडर दर रविवारी कुंपणाबाहेर उभा राहायचा. मी खिडकीत. तो आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचा. पहारेकऱ्याला वाटायचं, वेडा आहे, काहीतरी चघळतोय. आठवड्याभरातलं सगळं सांगायचा, कुठलं पुस्तक शिवायला आलं, सरस कसा फाटला, मांजर व्यालं. काल तो माझ्या खाटेशी बसला होता, तेव्हा मी त्याला खरं काय काढलं ते सांगितलं. त्यानं माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "जेवलीस का?"

या खोलीत आम्ही चौघी आहोत. चौघींचंही अपेंडिक्स. समोरच्या खाटेवरच्या पोरीला ते खरं वाटतं. धुणं धुवायला होती कुणाकडे, मालकानं आणून टाकली. घरी गेल्यावर व्हायच्या मुलांची नावं ठरवून ठेवलीत तिनं. रोज मला सांगते आणि कुठलं आवडलं ते विचारते. मी बोट दाखवते. तिला खरं सांगायचं का, ताई? मला ठरवता येत नाही.

टाके दुखतात, पण भरतील. मला न्यायला ये. भाऊच्या घरावरून येऊ नकोस, मागच्या रस्त्यानं ये.

धाकटी

३ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

एप्रिलपासून मी सहा पत्रं लिहिली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. धाकटीला घेऊन गेलीस तीही परस्पर. मी काही बोललो नाही. थोरलीचा राग आहे, ओसरेल, असं वहिनीला सांगत होतो. पण आता राग ठेवू नकोस. घरावर वीज कोसळली आहे.

मंडळाचे नवे निरीक्षक शाळा तपासायला आले. पाचवीच्या वर्गात चिमीला उभं करून वाचायला लावलं. तुला माहीत आहे, ती 'प' वर अडते. त्या दिवशी पहिलाच शब्द 'प'चा निघाला. मुलं हसली, ती आणखी अडली, मग रडली. निरीक्षकांनी नाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांनी संगोपनगृहाकडे चौकशी केली.

आता तुला सगळं सांगतो. तिथे फक्त वंशातून आलेला दोष असलेल्यांनाच घेतात. तापानं बहिरी झाली म्हटलं असतं तर परत पाठवली असती, आणि परीक्षक दोन दिवसांवर आले होते. म्हणून मी मंडळापुढे म्हणालो की आमच्या घराण्यात हे आहेच, आमची आत्याही बहिरी होती. खोटं काय बोललो? आत्या बहिरी होतीच की.

तेच आता माझ्या गळ्याशी आलंय. आत्या, मग धाकटी, मग चिमीची जीभ. तीन पिढ्या झाल्या. अध्यक्ष डॉक्टरांनी मला बसवून वंशवृक्ष काढून दाखवला, माझ्याच शब्दांवरून. चिमीच्या जागी त्यांनी काळा ठिपका दिला आणि टीपकागद दाबला. मी म्हणालो, साहेब, तुम्हीच आम्हाला पदक दिलंत. ते म्हणाले, "तुम्ही मंडळाची दिशाभूल केलीत." सव्वीस तारखेला सुनावणी आहे. चिमीला टेकडीवर नेणार आणि वयात आली की शस्त्रक्रिया. अकरा वर्षांची पोर आहे, ताई. कुणालाही समोर पाहिलं की तिची बोबडी वळते, आता तर ती घरातही बोलत नाही.

तू ये. तू थोरली, तुझी साक्ष चालेल. तापाचं सांग. आत्या यंत्रमागावर होती तेही सांग. धाकटीलाही आण, म्हणजे ती किती हुशार आहे ते त्यांना दिसेल.

मी तुझ्या पाया पडतो.

भाऊ

८ नोव्हेंबर

भाऊ,

'धाकटीलाही आण, म्हणजे ती किती हुशार आहे ते त्यांना दिसेल.' हे वाक्य वाचून मला उठून बाहेर जावं लागलं. तुझे दाजी पाण्याचा तांब्या घेऊन मागे आले आणि म्हणाले, काही खाण्यात आलं का. मी म्हटलं, भावाचं पत्र.

तुला ताप आठवला तर. आत्याचे यंत्रमागही आठवले. त्या खात्यात जन्मभर उभं राहून कुणाचे कान उरले होते रे? आत्याच्या बाजूची, तिच्या बाजूची, सगळी रांगच खुणांनी बोलायची. त्यांचा कुठला वंश एक होता? तुला हे जानेवारीतही ठाऊक होतं. पण तेव्हा ठिपका तुझ्या पोरीच्या नावावर पडत नव्हता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच तुमचं शास्त्र, वर पडदा लावून दाखवलं म्हणून वेगळं होत नाही.

आणि तुझ्या सगळ्या पत्रात एक ओळ नाही, ताई, धाकटी कशी आहे. शोधली मी. पुन्हा पहिल्यापासून वाचून शोधली. तू अजूनही स्वतःवरच रडतोयस. मला तुझी शिसारी येते, भाऊ. रागावले असते तर कधीतरी निवळले असते. पण हे रागाच्या पलीकडचं आहे. तुझं अक्षर ओळखलं की मी पाकीट कोपऱ्याला धरते.

मी तुझं पत्र धाकटीच्या हातात दिलं. तिच्यापासून लपवायचं नाही असं मी एप्रिलमध्येच ठरवलंय. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि कामाला लागली. संध्याकाळी म्हणाली, चिमीनं काय केलंय? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग जाऊ.

तेव्हा आम्ही दोघी येतो. तापावर ज्यानं औषध दिलं तो म्हातारा डॉक्टरही येतोय, त्याला मी खुर्चीसकट उचलून आणीन. पण एक ध्यानात घे. मी खरं सांगायला येतेय, आणि खरं अर्धं सांगता येत नाही. धाकटीला टेकडीवर का नेलं, कुठल्या पदकासाठी नेलं, उरकून घ्या असं कोण म्हणालं, हे सगळं भर सुनावणीत सांगणार. तुझी शाळा जाईल, समिती जाईल, गावात मान वर काढता येणार नाही. चिमी सुटेल. यातलं काय हवं ते तूच ठरव, आणि यायला नको असेल तर तसं कळव.

ताई

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,

या.

भाऊ

२ डिसेंबर

भाऊ,

सुनावणीनंतर ताई तुझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याबरोबर निघून आले, म्हणून लिहिते. पुन्हा लिहायचा विचार नाही.

मंडळासमोर मी उभी राहिले तेव्हा माझी चाचणी त्याच दाढीवाल्या डॉक्टरांनी घेतली. या वेळी ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना मान वर करावी लागली. त्यांनी अकरा प्रश्न विचारले, मी अकरांचीही उत्तरं दिली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तापाचं सांगितलं. ताईनं बाकीचं सांगितलं, ते तू खाली बघून ऐकलंस. मला ऐकू येत नाही, तरी ताईच्या ओठांवरचा शब्द न् शब्द मला दिसला.

मग अध्यक्ष शेजाऱ्याकडे वळले. त्यांना वाटलं, हळू बोललं की झालं. म्हणाले, "म्हणजे या बाईची शस्त्रक्रिया गरजेची नव्हती." शेजारी म्हणाला, "असं दिसतं." अध्यक्ष म्हणाले, "बरं. मुलीचं नाव काढा. जेवणाआधी आणखी किती प्रकरणं आहेत?" एवढंच बोलले. माझ्याबद्दल त्यांना जेवढं बोलायचं होतं, ते इतक्यातच आटोपलं.

त्याच क्षणी मी तुझ्याकडे पाहिलं. तू वहिनीचा हात धरून रडत होतास. तू म्हणालास, "सुटलो." चिमी सुटली असं नाही म्हणालास. आपण वाचलो, माझं चुकलं, असंही काही नाही. पुन्हा पुन्हा तेच, सुटलो, सुटलो. माझ्याकडे तुझी नजर गेली आणि तू रुमाल तोंडावर धरलास. माझ्यासमोर तोंड झाकायचं असतं, हे या सगळ्यात तू एकट्यानं ओळखलंस.

चिमी मला जिन्यात भेटली. तिला माझ्याशी बोलताना अडखळायला होत नाही, तुला माहीत आहे का? मला आवाज येत नाही, त्यामुळे ती नुसते ओठ हलवते आणि ओठ हलवताना तिचा 'प' अडत नाही. बरंच बोलली. मग तिनं विचारलं, आत्या, तुझं तिथे काय काढलं? मी सांगितलं. तुझ्या पोरीला मी खरं सांगितलंय. आता तू तिला अपेंडिक्स सांगू नकोस.

समोरच्या खाटेवरच्या पोरीला मी काहीच सांगितलं नाही, आणि आता ती कुठे आहे ते मला माहीत नाही. तिची ठरवलेली नावं मला पाठ आहेत.

बाइंडरनं ताईच्या गावात जागा घेतलीय, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. आमच्या लग्नाला मंडळाची परवानगी लागते, ती लगेच आली. आता त्यांची हरकत नाही, त्यांना जे हवं होतं ते त्यांनी काढून घेतलंय.

लग्न पंधरा तारखेला आहे. चिमीला पाठव, ताई तिला घ्यायला स्टेशनवर येईल. वहिनीला यायचं असेल तर तीही येऊ दे.

तू येऊ नकोस.

धाकटी